पाच पासांचं गणित: शाळेचा लॅक्रोस संघ हंगामात घडतो कसा

शाळेच्या एखाद्या संघाचा हंगाम पहिल्या दिवसापासून पाहिलेल्या प्रत्येकाला एक कोडं पडलेलं असतं. मुलं तीच, प्रशिक्षक तोच, मैदानही तेच. सुरुवातीला ज्या संघाकडून ही मुलं सपाटून मार खातात, त्याच संघाला बाद फेरीत ती धूळ चारतात. मधल्या अडीच-तीन महिन्यांत कोणाची उंची वीतभर वाढलेली नसते, कोणाचा वेग दुप्पट झालेला नसतो. खो-खो, कबड्डी, क्रिकेट, कुठल्याही आंतरशालेय स्पर्धेत हे दिसतं आणि ‘संघ जमून आला’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण जमून येतं म्हणजे नेमकं काय होतं?

हे कोडं सोडवायला लॅक्रोस हा खेळ फार उपयोगी आहे. त्यात चेंडू झेलणं, सांभाळणं आणि देणं यावरच सगळं उभं असतं, आणि या तिन्ही गोष्टी मोजता येतात. अमेरिकेतल्या हायस्कुलांमध्ये मुलं-मुली मिळून दोन लाखांच्या आसपास खेळाडू दर वर्षी हा खेळ खेळतात. 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही तो दिसणार आहे, आणि तो निर्णय झाला आपल्या मुंबईत. ऑक्टोबर 2023मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं, त्यात क्रिकेट आणि लॅक्रोस या दोघांनाही एकाच वेळी मंजुरी मिळाली. म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांचा हंगाम डोळ्यांसमोर ठेवून हा खेळ आणि त्यातला संघ कसा घडतो ते पाहू.

आधी खेळ समजून घेऊ

मुलांच्या लॅक्रोसचं मैदान 110 यार्ड लांब आणि 60 यार्ड रुंद, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाएवढं असतं. एका संघात दहा जण: एक गोलकीपर, तीन बचावपटू, तीन मिडफिल्डर आणि तीन आक्रमक. प्रत्येकाच्या हातात एक काठी, तिला स्टिक म्हणतात. स्टिकच्या टोकाला जाळी विणलेला पसरट भाग असतो. चेंडू हातानं उचलायचा नाही. तो जाळीत घ्यायचा, जाळीत घेऊन पळायचं, जाळीतूनच फेकायचा. चेंडू भरीव रबराचा, साधारण 145 ग्रॅमचा असतो. क्रिकेटचा चेंडू त्याहून थोडा जड आणि थोडा मोठा असतो.

गोल सहा फूट उंच आणि सहा फूट रुंद. त्याच्याभोवती नऊ फूट त्रिज्येचं वर्तुळ असतं, त्याला क्रीज म्हणतात. आक्रमकांनी त्यात पाय ठेवायचा नाही. फुटबॉलमध्ये गोल मैदानाच्या अगदी टोकाला असतो. लॅक्रोसमध्ये गोलाच्या मागेही 15 यार्ड मैदान असतं आणि तिथूनही खेळ चालतो. हायस्कूलचा सामना बारा-बारा मिनिटांच्या चार डावांचा, एकूण 48 मिनिटांचा असतो.

आणखी एक नियम लक्षात ठेवू, कारण पुढे तो कामाला येणार आहे. प्रत्येक संघाला आपल्या बचावाच्या अर्ध्या भागात गोलकीपर धरून किमान चार आणि समोरच्या अर्ध्या भागात किमान तीन खेळाडू कायम ठेवावे लागतात. सगळ्यांनी मिळून चढाई करता येत नाही आणि सगळ्यांनी मिळून बचावही करता येत नाही.

गोफणीचं तत्त्व

नवख्या माणसाला पहिलं आश्चर्य वाटतं ते याचं, की मुलगा जीव तोडून पळतोय, दोघे जण त्याच्या स्टिकवर टोले हाणतायत आणि तरी चेंडू जाळीतून पडत नाही. जाळी वरून तर उघडी असते.

ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं उडवणाऱ्या राखणदाराची गोफण आठवा. गोफणीच्या खोबणीला झाकण नसतं. तरीही गोफण गरगर फिरत असेपर्यंत दगड जागचा हलत नाही. दगडाला सरळ रेषेत निघून जायचं असतं, खोबणी त्याला सतत वळवत राहते, म्हणून तो खोबणीवर दाबून बसतो. लॅक्रोसचा खेळाडू पळताना मनगट आणि कोपर हलवत स्टिक सतत छोट्या कमानीत डोलवतो, त्याला क्रेडलिंग म्हणतात. जाळीचा भाग वळत राहतो आणि चेंडू जाळीला दाबून बसतो. हात थांबला की दाब संपला, मग साधा धक्काही चेंडू उडवायला पुरतो.

फटक्याचंही तेच. गोफणीची दोरी हाताची लांबी वाढवते, त्यामुळे टोकाचा वेग हाताच्या वेगाच्या कितीतरी पट होतो. आक्रमकाची स्टिक 40 ते 42 इंच, म्हणजे मीटरभर लांब असते. वरचा हात पुढे ढकलतो, खालचा हात मागे खेचतो, खांदे आणि कंबर वळते, आणि जाळीचं टोक झपकन फिरतं. चांगल्या हायस्कूल खेळाडूचा फटका ताशी 130 किलोमीटरच्या आसपास जातो. दहा मीटरवरून मारलेला असा चेंडू गोलापर्यंत पोचायला सुमारे 0.28 सेकंद लागतात. डोळ्यानं पाहून हात हलवायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. म्हणजे चेंडू सुटल्यावर हालचाल सुरू करणारा गोलकीपर जवळजवळ हरलेलाच. त्याला मारणाऱ्याचा खांदा, वरचा हात आणि स्टिकचा कोन वाचून आधीच अंदाज बांधावा लागतो. त्यामुळेच निम्म्याहून जास्त फटके अडवणारा गोलकीपर शाळेच्या पातळीवर चांगला मानतात.

जाळी किती खोल असावी यालाही नियम आहे. स्टिक आडवी धरून बाजूनं पाहिल्यावर चेंडूचा वरचा भाग कडेच्या भिंतीच्या खालच्या काठाखाली गेला, तर ती स्टिक बाद. फार खोल जाळीतून चेंडू काढून घेणं प्रतिस्पर्ध्याला अशक्य होईल, म्हणून ही मर्यादा. खोल जाळीतून चेंडू उशिरा सुटतो आणि खाली जातो. एप्रिलच्या पावसात जाळी भिजून सैल पडली की कालपर्यंत छातीशी येणारे पास अचानक गुडघ्याशी येऊ लागतात. त्या दिवशी सामन्याआधी मुलं बाकावर बसून जाळीच्या दोऱ्या ओढून घेताना दिसतात.

मार्च: भिंत, बर्फ आणि नव्वद टक्के

अमेरिकन शाळांत लॅक्रोस वसंत ऋतूत खेळतात. न्यूयॉर्क राज्यात सराव मार्चमध्ये सुरू होतो. सिरॅक्यूज शहराच्या परिसरात हिवाळ्यात एकूण तीन मीटरच्या आसपास बर्फ पडतो आणि मार्चमध्येही मैदान पांढरंच असू शकतं. मग सराव व्यायामशाळेच्या लाकडी फरशीवर होतो. निवड चाचणी होते, थोरल्या मुलांचा मुख्य संघ म्हणजे व्हार्सिटी आणि धाकट्यांचा ज्युनिअर व्हार्सिटी ठरतो.

या दिवसांत सगळ्यात जास्त वेळ जातो तो भिंतीसमोर. प्रत्येक मुलगा भिंतीपासून पाच-सहा पावलांवर उभा राहतो, चेंडू मारतो, परत येणारा झेलतो, पुन्हा मारतो. पन्नास उजव्या हातानं, पन्नास डाव्या हातानं, मग उजव्यानं मारून डाव्यानं झेलणं. याला वॉल बॉल म्हणतात. पाहणाऱ्याला कंटाळा येईल असं हे काम आहे, पण हंगामाचा निकाल मोठ्या प्रमाणावर इथंच ठरतो. का, ते साध्या गणितानं कळतं.

समजा, एका मुलानं दिलेला पास दुसऱ्यानं नीट झेलण्याची शक्यता 90 टक्के आहे. ऐकायला हे उत्तमच वाटतं. आता गोलसमोर चांगली संधी तयार करायला सलग पाच पास लागतात असं धरू. पाचही पास नीट पोचण्याची शक्यता किती? 0.9ला पाच वेळा गुणायचं. उत्तर येतं 59 टक्के. म्हणजे पाचातल्या दोन चढाया फटका मारण्याआधीच संपतात.

प्रत्येक पासची खात्री 95 टक्के झाली, तर पाचही पास जुळण्याची शक्यता 77 टक्के होते. 98 टक्के झाली, तर ती 90 टक्क्यांवर जाते. प्रत्येक मुलगा फक्त आठ टक्क्यांनी सुधारला, पण संघाच्या पूर्ण होणाऱ्या चढाया दीडपट झाल्या. एका मुलाकडे पाहून ही सुधारणा डोळ्यांत भरत नाही. पाच जणांच्या सुधारणांचा गुणाकार झाला की ती धावफलकावर दिसते. मार्चमधला संघ मे महिन्यात वेगळा का वाटतो, याचं पहिलं उत्तर हे आहे.

दुसरं उत्तर मेंदूत आहे. नवीन कौशल्य शिकताना लक्ष त्या कौशल्यातच अडकतं. चेंडू कुठं येतोय, जाळी कशी धरू, मनगट कधी मागे घेऊ, हे सगळं जाणीवपूर्वक करावं लागतं. हजारो वेळा केल्यावर ते आपोआप होऊ लागतं आणि लक्ष मोकळं होतं. मग तोच मुलगा झेलता झेलता मान वर करून पुढचा मोकळा साथीदार शोधू लागतो. खेळ ‘वाचता’ येण्यासाठी आधी हात शिकलेले असावे लागतात.

एप्रिल: गोल झाल्यावर चेंडू कोणाचा?

फुटबॉलमध्ये किंवा बास्केटबॉलमध्ये गोल खाल्लेल्या संघाला चेंडू मिळतो. हायस्कूल लॅक्रोसमध्ये तसं नाही. प्रत्येक गोलनंतर आणि प्रत्येक डावाच्या सुरुवातीला मैदानाच्या मध्यावर फेस-ऑफ होतो. दोन्ही संघांचा एकेक खेळाडू ओणवा बसतो, दोघांच्या स्टिक जमिनीवर, मध्ये चेंडू. शिट्टी वाजली की जो आधी जाळी चेंडूवर दाबून त्याला आपल्या बाजूला ओढेल त्याचा चेंडू. दोन्ही संघांचे दोन-दोन साथीदार बाजूला तयार उभे असतात. बाकीच्यांना चेंडू कोणाचा हे ठरेपर्यंत आपापल्या भागात थांबावं लागतं.

याचा परिणाम मोठा आहे. एखाद्या संघाकडे फेस-ऑफ जिंकणारा पटाईत मुलगा असेल, तर तो संघ गोल करून पुन्हा चेंडू मिळवतो, पुन्हा गोल करतो. तीन-चार मिनिटांत पाच गोल होऊ शकतात आणि या सगळ्या वेळात समोरच्या आक्रमकांच्या हाती चेंडू लागतही नाही. काही संघ एका मुलाला केवळ या कामासाठी तयार करतात. फेस-ऑफ झाला की तो पळत बाहेर जातो आणि मिडफिल्डर आत येतो. लॅक्रोसची मंडळी त्याला ‘फोगो’ म्हणतात.

पुन्हा थोडं गणित करू. समजा, दोन संघ बरोबरीचे आहेत आणि दोघांच्याही दर तीन चढायांमागे एक गोल होतो. सामन्यात एकूण 60 चढाया झाल्या आणि निम्म्या-निम्म्या वाटल्या गेल्या, तर 10–10 अशी बरोबरी. पण एका संघानं फेस-ऑफ, जमिनीवरचे चेंडू आणि कमी चुका यांच्या बळावर 33 चढाया मिळवल्या आणि दुसऱ्याला 27च मिळाल्या, तर निकाल 11–9. कौशल्य तेच, फटके तेवढेच चांगले, फरक फक्त चेंडू किती वेळा हाती आला याचा.

म्हणूनच प्रशिक्षक जमिनीवर घरंगळणाऱ्या चेंडूंची वेगळी नोंद ठेवतात. वाकून, दोन्ही हात खाली नेऊन, चेंडूच्या पलीकडे पाऊल टाकून तो उचलणाऱ्या मुलाचं नाव बातमीत येत नाही, पण संघाची एक चढाई त्यानं कमावलेली असते. फटका बाहेर जातो तेव्हाही असंच. चेंडू सीमारेषा ओलांडतो त्या क्षणी जो खेळाडू त्या जागेच्या सर्वांत जवळ, त्याच्या संघाला तो मिळतो. म्हणून एक साथीदार फटका मारत असताना दुसरा गोलाच्या मागे रेषेकडे धावत सुटलेला असतो. मार्चमध्ये ही धाव मुलं विसरतात. मे महिन्यात सांगावं लागत नाही.

एक ‘क्लिअर’ जवळून

संघ जमून आला की नाही हे पाहायचं असेल, तर गोलकीपरनं चेंडू अडवल्यानंतरची पंधरा-वीस सेकंदं पाहावीत. चेंडू आपल्या गोलापासून मध्यरेषेपलीकडे नेण्याच्या या कामाला क्लिअर म्हणतात.

गोलकीपर फटका अडवतो. क्रीजमध्ये चेंडू चार सेकंदच ठेवता येतो. तो ‘क्लिअर!’ असं ओरडतो. तीन बचावपटूंतले दोघे मैदानाच्या दोन्ही कडांकडे पसरतात, खांद्यावरून मागे पाहत. मिडफिल्डर पुढे धावतात. समोरचा संघ त्यांना रोखायला येतो, त्याला राइड म्हणतात. आता आधीचा नियम आठवा. रोखणाऱ्या संघाला आपले चार जण मागे ठेवावे लागतात, म्हणून दहातले सहाच पुढे येऊ शकतात. क्लिअर करणाऱ्यांचे मात्र सात जण असतात, कारण गोलकीपरही धरला जातो. सात विरुद्ध सहा. कुठं तरी एक जण मोकळा असतोच. त्याला वेळेत शोधणं एवढंच काम.

सुरुवातीच्या सामन्यांत मुलं इथं गोंधळतात. चेंडू मिळालेला बचावपटू खाली मान घालून सरळ पळत सुटतो आणि दोघांच्या तावडीत सापडतो. शिकलेला संघ काय करतो? उजव्या कडेला दाटी झाली की चेंडू गोलकीपरकडे परत, तिथून डाव्या कडेला. चेंडू जितक्या वेगानं जातो तितक्या वेगानं पाय जाऊ शकत नाहीत, म्हणून डावीकडे वाट मोकळी मिळते. बचावपटू चेंडू घेऊन मध्यरेषा ओलांडतो तेव्हा बाकावरून आवाज येतो: ‘मिडी बॅक!’ कारण एक बचावपटू पुढे गेला, तर एका मिडफिल्डरला मागे थांबावंच लागतं, नाहीतर ऑफसाइड. थांबणारा मुलगा स्टिक उंच धरून मी थांबलोय अशी खूण करतो. सात जणांनी आपली जागा ओळखली की ही सगळी हालचाल एका दमात होते. त्यात कोणीही चमकत नाही, आणि तरी यशस्वी क्लिअरची टक्केवारी हा संघाच्या प्रगतीचा फार विश्वासार्ह मापदंड असतो.

बचाव: बोलणारा संघ

लॅक्रोसच्या बचावात एकट्यानं कोणाला अडवणं फार वेळ जमत नाही. चांगला आक्रमक आज ना उद्या आपल्या माणसाला चकवतोच. त्या वेळी शेजारच्या बचावपटूनं आपला माणूस सोडून मदतीला धावायचं असतं, ही स्लाइड. त्यानं सोडलेला माणूस मोकळा होतो, त्याला तिसऱ्यानं धरायचं, ही दुसरी स्लाइड.

वेळेचा हिशेब पाहा. ताशी 80 किलोमीटरनं दिलेला पास 15 मीटर अंतर साधारण 0.7 सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात सेकंदाला सात मीटर पळणारा मुलगा जेमतेम पाच मीटर जातो. म्हणजे पास सुटलेला पाहून निघालेला बचावपटू पोचणार नाही. त्यानं आधीच निघायला हवं, आणि त्यासाठी कोण जाणार हे आधी ठरलेलं हवं. म्हणून बचाव अखंड बोलत असतो. ‘बॉल’ म्हणजे चेंडूवाला माझा. ‘हॉट’ म्हणजे पहिला मदतीला मी जाणार. ‘टू’ म्हणजे त्यानंतरची मोकळी जागा मी भरणार. चेंडू प्रत्येक वेळी सरकला की हे शब्दही नव्यानं वाटले जातात.

चेंडू गोलाच्या मागे गेला की काम आणखी कठीण. बचावपटूला मागे चेंडूवर आणि पुढे आपल्या माणसावर अशी दोन्हीकडे नजर ठेवावी लागते. गोलकीपरला मागं वळावं लागतं आणि पास पुढे गेला की पुन्हा गर्रकन फिरावं लागतं. चांगले संघ मुद्दाम चेंडू तिथं नेतात. अशा वेळी ज्याला सगळं दिसतं तो गोलकीपर सूत्रधार होतो. मार्चमध्ये तो एकटाच ओरडत असतो. हंगाम पुढे सरकतो तशी सहाही जणांची तोंडं उघडतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शंभर लोकांसमोर मोठ्यानं ‘हा माझा’ म्हणायला धीर लागतो, आणि तो धीर एकमेकांवरच्या विश्वासातून येतो. मला या खेळातलं हे सगळ्यात मोलाचं शिक्षण वाटतं.

स्टिकच्या मागची माणसं

हा खेळ अमेरिकन शाळांनी शोधलेला नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या मूलनिवासी समाजांत तो शेकडो वर्षांपासून आहे. फ्रेंच मिशनऱ्यांनी 1630च्या दशकात त्याच्या नोंदी केल्या. 1867मध्ये मॉन्ट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी नियम बांधून दिले आणि 1880च्या दशकात तो अमेरिकेच्या शाळांत शिरला. या मूलनिवासींपैकी होडेनोशोनी लोकांसाठी तो आजही निर्मात्यानं दिलेला खेळ आहे. माणसाचं आणि समाजाचं दुखणं दूर करण्यासाठीही ते तो खेळतात.

या समाजातले ऑनोंडागा लोक सिरॅक्यूजजवळ राहतात आणि त्यांची बरीच मुलं लाफायेट गावच्या हायस्कुलात शिकतात. माइल्स आणि लाइल थॉम्पसन हे भाऊ त्याच शाळेतले. महाविद्यालयीन लॅक्रोसमधला सर्वोच्च मान समजला जाणारा टेवारटन पुरस्कार 2014मध्ये दोघांना विभागून मिळाला. तो मिळवणारे ते पहिले मूलनिवासी खेळाडू. ऑनोंडागांचे विख्यात स्टिककार आल्फ जॅक्स 2023मध्ये वारले. हिकरी झाडाचं खोड फोडून, लाकडाला वाफ देऊन, वाकवून, कित्येक महिने वाळवून, मग तासून आणि चामड्याच्या वाद्यांनी विणून ते स्टिक बनवत. बाजारात प्लॅस्टिकच्या टोकाच्या स्टिक 1970च्या सुमारास आल्या. त्या हलक्या, एकसारख्या आणि भरपूर बनवता येणाऱ्या असल्यामुळे खेळ शाळाशाळांत पसरला.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर मॅनहॅसेट आणि गार्डन सिटी या दोन शाळांची चुरस 1935पासून चालत आलेली आहे. तिच्या ढालीऐवजी लाकडी स्टिक दिली जाते आणि सामन्यालाच ‘वुडस्टिक क्लासिक’ म्हणतात. अमेरिकन फुटबॉलचा महान खेळाडू जिम ब्राउन मॅनहॅसेटचाच विद्यार्थी. त्याचं नाव फुटबॉल आणि लॅक्रोस या दोन्ही खेळांच्या सन्मान-दालनांत आहे.

मुलींच्या लॅक्रोसची वाट वेगळी. स्कॉटलंडमधल्या सेंट लेनर्ड्स शाळेच्या माजी मुख्याध्यापिका लुईझा लम्सडेन यांनी 1884मध्ये कॅनडात हा खेळ पाहिला आणि 1890मध्ये त्यांच्या शाळेत मुली तो खेळू लागल्या. रोझाबेल सिंक्लेअर यांनी तो 1926मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर स्कूलमध्ये आणला. मुलींच्या खेळात अंगाला धडक देता येत नाही, आणि फेस-ऑफऐवजी ‘ड्रॉ’ असतो. दोन स्टिकच्या पाठींमध्ये दाबून धरलेला चेंडू उभ्यानंच वर उडवला जातो.

छातीचं कवच

मुलांच्या खेळात शिरस्त्राण, हातमोजे, खांद्यांची आणि कोपरांची गादी असतेच. अलीकडे छातीच्या कवचाचा नियमही कडक झाला आहे. भरीव चेंडू छातीवर नेमक्या जागी, आणि हृदयाच्या ठोक्याच्या नेमक्या अंशात बसला, तर हृदयाची विद्युत लय कोलमडू शकते. हृदय थरथरतं, पण रक्त ढकलत नाही. याला कॉमोशिओ कॉर्डिस म्हणतात. किशोरवयीन मुलांची छाती लवचीक असल्यानं धक्का आत जास्त पोचतो. असं फार क्वचित घडतं, पण काही सेकंदांत जिवावर बेतू शकतं. म्हणून या धोक्यासाठी खास चाचणी करून प्रमाणित केलेलं कवच 2021पासून गोलकीपरना आणि 2022पासून मैदानातल्या मुलांना सक्तीचं आहे. तरीही प्रसंग आलाच, तर ताबडतोब छाती दाबणं आणि हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र मैदानालगत असणं, हेच प्राण वाचवतं. शाळेच्या कुठल्याही खेळाच्या आयोजकानं हे ध्यानात ठेवावं, मग ते मैदान न्यूयॉर्कमधलं असो की नाशिकमधलं.

मे-जून: बाद फेरी

साखळीतले पंधरा-सोळा सामने झाले की मेच्या उत्तरार्धात बाद फेरी सुरू होते. विद्यार्थिसंख्येवरून शाळांचे गट केलेले असतात, म्हणजे लहान गावच्या शाळेला शहरातल्या प्रचंड शाळेशी झुंजावं लागत नाही. आधी विभागाचं विजेतेपद, मग जूनमध्ये राज्याची अंतिम फेरी.

इथं खेळ बदलतो. दोन्ही संघ एकमेकांना ओळखून असतात, त्यामुळे नवी युक्ती क्वचितच चालते. दडपण असतं आणि दडपणाखाली माणूस सवयीवर येतो. ज्या मुलांनी डाव्या हातानं भिंतीवर चेंडू मारलेला असतो, त्यांना उजवी बाजू अडवली तरी वाट सापडते. जे संघ बोलायला शिकलेले असतात, ते पाच गोलांनी मागे पडल्यावरही गप्प होत नाहीत. आणि गोलनंतर चेंडू पुन्हा जिंकता येत असल्यामुळे या खेळात मागून येणं खरोखर शक्य असतं.

> थोडक्यात
> • स्टिक डोलवत राहिल्यानं चेंडू जाळीत दाबून बसतो. स्टिकच्या लांबीमुळे फटक्याला वेग येतो.
> • एक पास 90 टक्के खात्रीचा असेल, तर सलग पाच पास जुळण्याची शक्यता 59 टक्के. खात्री 98 टक्के झाली, तर 90 टक्के.
> • गोलनंतर चेंडू आपोआप समोरच्याला मिळत नाही. फेस-ऑफ आणि जमिनीवरचे चेंडू जिंकणारा संघ जास्त चढाया कमावतो.
> • क्लिअरमध्ये सात विरुद्ध सहा अशी सरशी असते. मोकळा माणूस वेळेत शोधणं हेच कौशल्य.
> • पास पायांपेक्षा वेगवान असतो, म्हणून बचाव आधी बोलतो आणि मग धावतो.

2028 साली काय पाहाल?

ऑलिंपिकमध्ये लॅक्रोसचा छोटा प्रकार असेल, त्याला सिक्सेस म्हणतात. सहा-सहा खेळाडू, 70 मीटर लांब आणि 36 मीटर रुंद मैदान, आठ-आठ मिनिटांचे चार डाव, आणि 30 सेकंदांत फटका मारण्याचं बंधन. तिथं गोलनंतर फेस-ऑफ होत नाही. गोल खाल्लेल्या संघाचा गोलकीपर लगेच खेळ सुरू करतो. त्यामुळे चढाया जवळपास समान वाटल्या जातात आणि भार पडतो तो पास, झेल आणि दम यांवर. ज्यांनी हा खेळ जगाला दिला त्या होडेनोशोनी लोकांची आपल्या स्वतःच्या झेंड्याखाली उतरण्याची मागणी आहे, आणि ती मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

सामना पाहताना गोल करणाऱ्यावर नजर जाईलच. पण थोडा वेळ चेंडू नसलेल्या खेळाडूंकडे पाहा. फटका सुटताच रेषेकडे कोण धावतं, मोकळ्या जागेत कोण सरकतं, मदतीला जाणाऱ्यानं सोडलेली जागा कोण भरतं. शाळेच्या मुलांना प्रशिक्षक हंगामभर हेच शिकवत असतो. आपल्याकडच्या शाळांचे संघही असेच घडतात. पहिल्या दोन-तीन पराभवांनंतर संघ मोडीत काढण्याची किंवा मुलांना बोल लावण्याची घाई आपण करू नये. किती पास जुळले, किती चेंडू उचलले, किती जण मैदानात बोलले याची वही ठेवावी. तीन महिन्यांनी ती वही उघडली की संघ कुठं जमून आला आणि कुठं काम बाकी आहे, हे मुलांना स्वतःच वाचता येईल.